वाकायामा प्रांत आणि हिरो गांवचा बांध

मराठी शाळेंत भूगोल व संस्कृत शिकविण्यांत आमचें सारें आयुष्य गेलें. भूगोलाच्या तासाला जपान देश आला म्हणजे टोकियो, ओसाका, फुजी पर्वत आणि रेशीम एवढीं चार नांवें मुलांकडून घोकून घ्यावयाचीं, आणि तास संपावयास पांच-सात मिनिटें उरलीं कीं एक गोष्ट सांगावयाची, असा आमचा परिपाठ असे. गोष्ट अशी : समुद्रकांठच्या एका गांवीं टेकडीवर एक वृद्ध पाटील राहात होता. एके सायंकाळीं भूकंपाचा हलका धक्का बसला. खालीं गांवकरी सुगीच्या उत्सवांत दंग होते. वृद्धानें पाहिलें तों समुद्र किनारा सोडून मागें हटत चाललेला. आतां ओरडून कोणास ऐकूं जाणार? त्यानें चूड पेटविली आणि आपल्याच शेतांतील भाताच्या गंज्यांस आग लाविली. आग विझविण्याकरितां सारा गांव धांवत टेकडीवर आला; पाठोपाठ महालाट आली. गांव वाहून गेलें, माणसें वांचलीं.

मुलें स्तब्ध होत, घंटा होई, आणि आम्ही कृतकृत्य होऊन वर्गाबाहेर पडत असूं. एकदां मात्र शेवटच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, घरें तर सगळीं वाहून गेलीं. मग दुसऱ्या दिवशीं तीं माणसें जेवलीं काय आणि राहिलीं कोठें?" आम्हीं "पुढच्या तासाला सांगूं" असें म्हणून वेळ मारून नेली. तो पुढचा तास कधींच आला नाहीं. कारण उत्तर आम्हांसच ठाऊक नव्हतें. नोकरींतून निवृत्त झाल्यावर वाचनास सवड मिळाली, तेव्हां हा प्रश्न पुन्हां मनांत डोकावूं लागला. त्याचा माग काढतां काढतां जपानच्या वाकायामा नांवाच्या प्रांताची आमची ओळख झाली. त्या मुलाचें राहून गेलेलें उत्तर आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. पण गोष्टीची भूमि नीट डोळ्यांपुढें आल्यावांचून गोष्ट समजत नाहीं. म्हणून प्रथम थोडा भूगोल.

वृक्षांचा देश

होन्शू हें जपानांतील सर्वांत मोठें बेट. त्याच्या दक्षिण अंगास, ओसाका शहराच्या खालीं, एक रुंद द्वीपकल्प पॅसिफिक महासागरांत शिरलेलें नकाशांत दिसतें. त्याचें नांव 'की'. जपानांत याहून मोठें द्वीपकल्प नाहीं. याचा पश्चिम व दक्षिण भाग म्हणजे वाकायामा प्रांत. जपानी लोक प्रांताला 'केन' म्हणतात, व देशाचे असे एकंदर ४७ विभाग आहेत. वाकायामाचें क्षेत्रफळ सुमारें ४,७०० चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या सवानऊ लक्षांच्या आसपास. 'की' या नांवाचा मूळ अर्थ वृक्षांचा देश असा लावितात, आणि तो यथार्थ आहे. कारण आजही प्रांताचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग अरण्यानें व्यापलेला आहे. सुरू व देवदार यांच्या जातीचीं उंच सरळ झाडें, खोल दऱ्या, आणि दक्षिण टोंकाकडे वर्षास शंभर इंचांच्या घरांत पडणारा पाऊस, असें हें डोंगराळ राज्य आहे.

सपाटी अशी उत्तरेसच काय ती आहे. तेथें किनोकावा नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, व तिच्या मुखाशीं वाकायामा ही राजधानी वसलेली आहे. बाकी सर्वत्र डोंगर थेट समुद्रांत उतरलेले. त्यांच्या पायथ्याशीं, लहान लहान उपसागरांच्या कडेनें, ओंजळभर जागेंत गांवें दाटीनें बसलीं आहेत. दक्षिणेस शिओनोमिसाकी नांवाचें भूशिर आहे. होन्शू बेटाचें तें अगदीं दक्षिणेकडील टोंक. तेथून जवळून 'कुरोशिओ', म्हणजे काळा प्रवाह, नांवाचा उष्ण सागरप्रवाह वाहतो. त्यामुळें हवा उबदार राहते, आणि डोंगरांच्या उतारांवर संत्र्यांच्या जातीचीं 'मिकान' फळें विपुल पिकतात.

आमच्या वाचक भगिनींस येथील दोन पदार्थांची माहिती रुचेल. एक 'उमेबोशी'. उमे नांवाचें जर्दाळूच्या जातीचें आंबट फळ मिठांत मुरवून उन्हांत वाळवितात. आपल्याकडे पानांत लोणच्याची फोड, तशी तेथें भातावर उमेबोशी. जपानांत पिकणाऱ्या उमे फळांपैकीं निम्म्याहून अधिक या एका प्रांतांतील आहेत. दुसरा पदार्थ 'शोयु', म्हणजे सोयाबीन व गहूं आंबवून केलेला खारट काळा रस. तेराव्या शतकांत काकुशिन नांवाच्या भिक्षूनें चीनमधून एका खारवलेल्या कालवणाची कृति आणिली. त्याच्या भांड्यांत खालीं साचणारा रस युआसा गांवच्या लोकांस रुचकर लागला, व त्यांतून शोयु निघाला, अशी तेथील परंपरा आहे. हें युआसा गांव व त्याच्या लगतचें हिरो गांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आमची गोष्ट तेथेंच घडली.

या रमणीय भूमीच्या पोटांत एक भय आहे. किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशीं 'नानकाई' नांवाची लांबच लांब खोल चर आहे. तेथें पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड पट्ट दुसऱ्याच्या खालीं अतिशय मंद गतीनें शिरत असतो. वरचा पट्ट त्याच्याबरोबर खालीं ओढला जातो. शे-दीडशें वर्षें हा ताण सांचत राहतो, आणि असह्य झाला म्हणजे वरचा पट्ट झटक्यानें उसळून येतो. त्यासरशीं भूकंप होतो, समुद्राचा तळ उचलला जातो, व त्यावरील सारें पाणी किनाऱ्याकडे धांवतें. हीच 'सुनामी'. 'सु' म्हणजे बंदर व 'नामी' म्हणजे लाट. खोल समुद्रांत असलेल्या कोळ्यांस ही लाट जाणवतही नाहीं. ते परत येतात तेव्हां बंदर नाहींसें झालेलें असतें, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. १७०७, १८५४ आणि १९४६ या तीन सालीं या चरीनें वाकायामाच्या किनाऱ्यावर मोठा प्रलय केला.

डोंगरावरील संस्कृत अक्षरें

समुद्राकडे असें भय, तेव्हां लोकांची श्रद्धा डोंगराकडे वळली यांत नवल नाहीं. प्रांताच्या ईशान्येस सुमारें आठशें मीटर उंचीवर, कमळाच्या पाकळ्यांसारख्या शिखरांच्या मधोमध, कोयासान नांवाचें बौद्धक्षेत्र आहे. कूकाई नांवाच्या थोर आचार्यानें ८०४ सालीं चीनचा प्रवास केला, तेथें मंत्रयानाची दीक्षा घेतली, आणि प्रज्ञ नांवाच्या भारतीय पंडिताजवळ संस्कृताचें अध्ययन केलें. परत आल्यावर ८१६ सालीं सम्राटानें त्याला हा डोंगर मठाकरितां दिला. आज तेथें शंभरांवर मठ-मंदिरें असून पुष्कळ मठांत यात्रेकरूंची उतरण्याची सोय होते.

आम्हांसारख्या संस्कृताच्या जुन्या विद्यार्थ्याला या क्षेत्राची एक गोष्ट फार हृद्य वाटली. कोयासानच्या स्मशानवनांत, शेंकडों वर्षांच्या उंच वृक्षांखालीं, दोन लक्षांहून अधिक समाधि आहेत. त्यांतील कित्येक दगडी स्तूप पांच आकारांचे केलेले असतात : तळाशीं चौकोन, त्यावर गोल, मग त्रिकोण, मग अर्धचंद्र, व शेवटीं रत्नाकार. त्यांवर खालून वर अ, व, र, ह, ख अशीं पांच अक्षरें सिद्धम् लिपींत कोरलेलीं असतात. हीं पृथ्वी, आप, तेज, वायु व आकाश या पंचमहाभूतांचीं बीजें होत. या लिपीला जपानी लोक ब्रह्मदेवाचीं अक्षरें म्हणतात. ज्या देशांत आज संस्कृत बोलणारा मनुष्य सांपडणें कठीण, त्या देशाच्या अरण्यांत मेलेल्या मनुष्याच्या डोक्याशीं आपलीं बीजाक्षरें कित्येक शतकें पहारा करीत आहेत! एक उणें मात्र सांगितलें पाहिजे : या पवित्र डोंगरावर स्त्रियांस प्रवेश नव्हता. १८७२ सालीं सरकारनें ती बंदी उठविली, तरी ती पुरतेपणीं जावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

या क्षेत्रामुळें आपल्या महाराष्ट्राशींही वाकायामाचा संबंध जडला आहे. २०१३ सालीं महाराष्ट्र राज्य व वाकायामा प्रांत यांच्यामध्यें सहकार्याचा करार झाला; आणि २०१५ सालीं कोयासान विद्यापीठांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचें अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्तें झालें.

कोयासानच्या दक्षिणेस कुमानोचीं तीन शिंतो देवस्थानें आहेत. त्यांपैकीं नाची येथें १३३ मीटर उंचीचा धबधबा हीच देवता मानितात. दुसरें होंगू हें देऊळ पूर्वीं नदीच्या वाळवंटांत बेटावर होतें. १८८९ सालीं महापूर आला व बरींचशीं देवळें वाहून गेलीं. तेव्हां उरलेलीं उचलून दोन वर्षांत जवळच्या उंचवट्यावर नेऊन उभारलीं. या प्रांतांत देवांनासुद्धां पाण्यापासून उंच जागा शोधावी लागली, तेथें माणसांची काय कथा! या मंदिरांस व त्यांच्या यात्रामार्गांस २००४ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें.

तोकुगावांचें राज्य

आतां थोडा इतिहास. वाकायामाचा किल्ला १५८५ सालीं हिदेयोशीच्या आज्ञेनें बांधला गेला. १६१९ सालीं जपानचे सत्ताधीश जे तोकुगावा, त्यांच्या घराण्यांतील योरिनोबु हा येथें अधिपति म्हणून आला. त्याच्या राज्याचें उत्पन्न ५,५५,००० कोकू तांदूळ असें धरीत. एक कोकू म्हणजे एका मनुष्यास वर्षभर पुरेल इतका तांदूळ. राज्याची किंमत माणसांच्या जेवणानें मोजण्याची ही रीत आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. याच घराण्यांतील योशिमुने हा १७१६ सालीं साऱ्या जपानचा शोगुन झाला. त्यानें १७२१ सालीं राजधानींत एक तक्रारपेटी ठेविली व सामान्य माणसाला तींत अर्ज टाकण्याची मुभा दिली. एका वैद्याच्या अशाच अर्जावरून गरिबांकरितां रुग्णालयही निघालें. वाकायामाचा मूळ किल्ला १९४५ च्या जुलैंत विमानांच्या बाँबवर्षावांत जळाला. आज दिसतो तो १९५८ सालीं काँक्रीटमध्यें पुन्हां उभारलेला आहे.

या तोकुगावांच्या अमलांत हिरो गांवीं हामागुची नांवाचें शोयु करणाऱ्यांचें घराणें होतें. त्यांनीं १६४५ पासून दूर पूर्वेकडे चोशी बंदरांत कारखाना चालविला. 'यामासा' या नांवानें त्यांचा शोयु आजही विकला जातो. या घराण्याचा सातवा वारस हामागुची गोर्यो, जन्म १८२०. हाच आमच्या गोष्टींतला 'वृद्ध पाटील'. पण प्रसंगीं तो वृद्ध नव्हता. अवघा चौतीस वर्षांचा तरुण होता.

ती रात्र आणि त्यानंतरचीं चार वर्षें

आमच्या गोष्टींत आणखीही कित्येक चुका होत्या. खरा प्रसंग असा घडला. १८५४ च्या डिसेंबरांत २३ तारखेस भूकंपाचा मोठा धक्का बसला व समुद्र खवळला. लोकांनीं टेकडीवरील हाचिमान देवळाच्या आवारांत रात्र काढली. सकाळीं सर्व शांत झालें म्हणून ते घरीं परतले. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आदल्या दिवसाहून भयंकर भूकंप झाला. तो हलका धक्का नव्हता. घरांचीं कौलें उडालीं, भिंती पडल्या. थोड्याच वेळांत लाटा आल्या. गोर्यो स्वतः लोकांस हांकून बाहेर काढीत असतां पाण्यांत सांपडला व कसाबसा उंचवट्यावर पोहोंचला. तोंवर अंधार पडला होता. पाण्यांत वाहात गेलेल्या, वाट चुकलेल्या माणसांस टेकडी कोणीकडे हें दिसेना. तेव्हां त्यानें वाटेच्या कडेला रचलेल्या गवताच्या गंज्यांस आगी लावविल्या. त्या उजेडाच्या रोखानें पुष्कळ लोक देवळापर्यंत पोहोंचले. त्यानंतर आणखी मोठी लाट आली व ती आगही विझली.

म्हणजे आगीचा हेतु लोकांस फसवून बोलावण्याचा नव्हता, वाट दाखविण्याचा होता. आणि आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर येथूनच सुरू होतें. 'दुसऱ्या दिवशीं जेवलीं काय?' तर, त्याच रात्रीं गोर्यो शेजारच्या मठांत व गांवांत गेला, तांदूळ मागून आणिला, आणि देवळांत जमलेल्या लोकांस भात मिळाला. 'राहिलीं कोठें?' तर, त्यानें पदरच्या पैशानें पन्नास घरें बांधविलीं. शेतकऱ्यांस अवजारें व कोळ्यांस होड्या घेऊन दिल्या.

तरीही लोकांचें मन गांवांत रमेना. १७०७ सालीं याच गांवाची अशीच धूळधाण झाली होती; पुन्हां केव्हां तरी तेंच होणार. घर सोडून परागंदा व्हावें असे विचार सुरू झाले. तेव्हां गोर्योनें १८५५ च्या आरंभीं बांधाच्या कामास हात घातला. किनाऱ्यावर पूर्वजांनीं रचलेली एक जुनी दगडी भिंत होती; तिच्या आंतल्या बाजूस सुमारें ५ मीटर उंच, तळाशीं २० मीटर रुंद आणि ६०० मीटरांहून थोडा अधिक लांब असा मातीचा बांध घातला गेला. भिंत व बांध यांच्या दरम्यान पाइन वृक्षांची रांग लाविली, कीं लाटेचा जोर मोडावा व वाहात जाणारीं माणसें आणि सामान अडावें. बांधाच्या उतारावर ज्या झाडाच्या फळांपासून मेण निघतें तीं झाडें लाविलीं.

हें काम मजुरांनीं केलें, आणि ते मजूर म्हणजे तेच निर्वासित गांवकरी. पुरुष, बाया, म्हातारे, मुलें, ज्याला जें झेपेल तें काम, आणि संध्याकाळीं रोजच्या रोज मजुरी हातांत. शेतीच्या दिवसांत काम थांबे, पुढें पुन्हां चाले. अशा रीतीनें जवळजवळ चार वर्षांनीं, १८५८ च्या अखेरीस, बांध पुरा झाला. खर्च आला सुमारें १,५७२ र्यो सोन्याच्या मोलाचा, आणि तो सर्व गोर्योनें आपल्या धंद्यांतून दिला. फुकट वाटलेलें अन्न दोन दिवस पुरतें व घेणाऱ्याची मान खालीं घालतें; मजुरीनें मान ताठ राहते, आणि जी भिंत आपल्याच हातांनीं रचली तिच्या आड मनुष्य निर्भयपणें झोंपतो. आमच्या मतें गोर्योचें खरें शहाणपण आगींत नव्हतें, या हिशेबांत होतें.

कृतज्ञ गांवकऱ्यांनीं त्याच्या नांवें देऊळ बांधून तो जिवंत असतांच त्याची पूजा करण्याचें ठरविलें. गोर्योनें तें ठामपणें नाकारलें. ज्याला शाळा काढावयाची, बांध घालावयाचा, त्याला देव होऊन कसें चालेल? त्यानें १८५२ सालींच गांवांतील मुलांकरितां विद्यालय काढलें होतें. त्याच परंपरेची 'ताइक्यू' नांवाची शाळा त्या बांधापाशीं आजही चालते.

मग आमच्या गोष्टींत चुका आल्या कोठून? १८९६ सालीं जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भयंकर सुनामी आली, तेव्हां जपानांत स्थायिक झालेले लेखक लाफ्काडियो हर्न यांनीं ऐकीव माहितीवरून ही कथा लिहिली. त्यांनीं तरुणाचा वृद्ध केला, गवताचें भात केलें, आणि न झालेलें देऊळही बांधलें! पुढें त्याच भागांतील नाकाई त्सुनेझो या शाळामास्तरानें ती मुलांकरितां सोप्या भाषेंत उतरविली, व १९३७ पासून १९४७ पर्यंत ती जपानच्या सरकारी वाचनपुस्तकांत होती. त्या मास्तरांचे उपकार मोठे, कारण हजारों मुलांच्या मनांत 'भूकंप झाला कीं उंचावर पळा' हें त्यांनीं ठसविलें. परंतु धडा आगीपाशीं संपला. बांधाची हकीकत त्यांत आली नाहीं. आमच्याही तासाला ती आली नाहीं.

बांधाची परीक्षा पाहण्यास समुद्र अठ्ठ्याऐंशी वर्षांनीं परत आला. २१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे पुन्हां भूकंप झाला व सुमारें चार मीटर उंचीची लाट हिरो गांवावर आली. बांधाच्या आड असलेला गांवाचा मोठा भाग सुरक्षित राहिला. ज्या ठिकाणीं बांध पोहोंचला नव्हता, तेथें मात्र बळी गेले. ज्यांनीं माती वाहिली त्यांतील एकही मनुष्य तो दिवस पाहावयास उरला नसेल. वांचलीं तीं त्यांचीं नातवंडें-पतवंडें.

कारभार कसा चालतो

समुद्रानें याच प्रांताच्या लोकांची आणखी एक परीक्षा घेतली होती, ती परक्यांच्या निमित्तानें. १६ सप्टेंबर १८९० च्या रात्रीं तुर्कस्तानची एर्तुग्रुल नांवाची युद्धनौका वादळांत सांपडून दक्षिणेकडील ओशिमा बेटाच्या खडकांवर फुटली. पांचशेंवर माणसें बुडालीं. दीपगृहाच्या उजेडानें कडा चढून आलेल्या व किनाऱ्यास लागलेल्या ६९ जणांस कोळ्यांनीं आपल्या अंगावरचीं वस्त्रें दिलीं, घरांतील असेल नसेल तें खाऊं घातलें. त्या गांवांस कोणी हुकूम केला नव्हता. परंतु प्रत्येक आपत्तींत अशा स्वयंस्फूर्तीवर विसंबून चालत नाहीं. एका उदार धनिकाचें पुण्य सर्व गांवांस कसें पुरणार? त्याकरितां कायदा व कारभार लागतो.

१८७१ सालीं जपान सरकारनें सर्व संस्थानें खालसा केलीं, आणि वाकायामा, तानाबे व शिंगू हीं तीन संस्थानें मिळून आजचा प्रांत झाला. त्याचीच एक गमतीची खूण म्हणजे कितायामा हें खेडें. तें चहूंकडून मिए व नारा या परप्रांतांनीं वेढलेलें असून कारभारानें मात्र वाकायामाचें आहे. तेथील लांकडाचे तराफे नदीनें शिंगू बंदरास जात. तेव्हां ज्या गांवाशीं आपला व्यवहार, त्याच्याबरोबरच आपण राहावें असें त्या खेड्यानें ठरविलें.

आरंभीं प्रांताधिपति टोकियोहून नेमून येई. १८७८ च्या नियमांनीं प्रांतिक सभा निघाल्या, पण मताचा अधिकार ठराविक जमीनमहसूल भरणाऱ्या पुरुषांपुरताच होता. या वाकायामा प्रांतिक सभेचे पहिले अध्यक्ष कोण, तर आमचे हामागुची गोर्यो. त्याआधीं १८७१ सालीं ते देशाच्या टपाल खात्याचे प्रमुखही झाले होते. म्हातारपणीं जग पाहण्याची जुनी इच्छा पुरी करावयास निघाले असतां १८८५ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांचा अंत झाला.

१९४७ पासून प्रांताचा राज्यपाल लोक स्वतः निवडतात. त्यांत स्त्रियांसही मत आहे. मुदत चार वर्षांची. प्रांतिक सभाही लोकनियुक्त आहे. सभा राज्यपालावर अविश्वास दाखवूं शकते, आणि मग त्याला सभा विसर्जित करून लोकांकडे कौल मागतां येतो. मतदारांपैकीं पन्नासांत एकानें सही केली तर नवा नियम करण्याची मागणी सभेपुढें ठेवावीच लागते. योशिमुनेच्या तक्रारपेटीची ही सुधारलेली आवृत्तीच म्हणावयाची. पोलीस, मोठे रस्ते, नद्या व बहुतेक उच्च माध्यमिक शाळा प्रांताकडे असतात. प्रांताच्या पोटांत ९ शहरें, २० नगरें व १ खेडें अशा तीस संस्था आहेत. प्राथमिक शाळा, पाणी, आग विझविणें, सफाई हीं कामें त्यांचीं. हिरो हें आतां हिरोगावा नगराचा भाग आहे.

या वांटणींतील एक तपशील आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटला. आपत्तिनिवारणाचा मूळ कायदा १९६१ सालीं झाला. त्याप्रमाणें संकट दिसतांच 'घरें सोडा' असा हुकूम देण्याचा अधिकार टोकियोंतील मंत्र्याकडे ठेवलेला नाहीं, तर त्या त्या नगराच्या अध्यक्षाकडे दिलेला आहे. कारण उघड आहे. वाकायामाच्या दक्षिण किनाऱ्यावर लाट येण्यास भूकंपानंतर कांहीं मिनिटांचाच अवधि मिळावयाचा. तेवढ्यांत राजधानीचा विचार घेणें कसें शक्य आहे? जो मनुष्य तीच जमीन हालतांना अनुभवतो, त्यानेंच हांक मारिली पाहिजे. १८५४ सालीं गोर्योनें हेंच केलें होतें. कायद्यानें त्याच्या कृतीला पद दिलें.

ओंजळभर माती

१९४६ ला आतां ऐंशी वर्षें होत आलीं. जुन्या अनुभवावरून समुद्र पुन्हां येणार हें तेथील सर्व जाणतात. किनाऱ्यालगत आश्रयाचे मनोरे उभारले जात आहेत, उंचावर जाण्याच्या वाटा केल्या जात आहेत, कांहीं ठिकाणीं रुग्णालयें टेकडीवर नेलीं आहेत. संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ सालीं ठराव करून ५ नोव्हेंबर हा जागतिक सुनामी जागृतीचा दिवस ठरविला. जपानच्या जुन्या पंचांगाप्रमाणें १८५४ ची ती रात्र अकराव्या महिन्याच्या पांचव्या तिथीची होती, म्हणून ही तारीख.

परंतु प्रांतापुढें दुसरीही एक ओहोटी आहे. १९८५ च्या सुमारास लोकसंख्या पावणेअकरा लक्षांच्या वर होती. ती तेव्हांपासून घटत आहे. तरुण मंडळी ओसाकाकडे जातात. आज दर तीन माणसांत एक पासष्ट वर्षांच्या वरचा आहे. मनोरा आहे, पण चढण्यास गुडघे नाहींत. हुकूम सुटेल, पण म्हातारीस पाठुंगळीं घेऊन धांवणारा नातू गांवांत नाहीं, ही खरी चिंता. आमच्या वयाच्या मनुष्यास ती वेगळी समजावून सांगावी लागत नाहीं.

हिरो गांवीं दरवर्षी नोव्हेंबरांत एक उत्सव होतो. त्या दिवशीं शाळेंतील मुलें माती घेऊन बांधावर जातात आणि ती तेथें टाकून येतात. पाऊस व वारा यांनीं वर्षभरांत झिजलेला बांध तेवढ्या मातीनें किती भरून येणार? पण हात भरतात, आणि बांध कोणी घातला, कशाकरितां घातला, हें प्रत्येक पिढीला पायांखालच्या मातीनें कळतें. आगीची गोष्ट ऐकावयास गोड आहे. ती एका रात्रीची, एका माणसाची. बांध मात्र चार वर्षांचा, साऱ्या गांवाचा, आणि दरवर्षी थोडी माती मागणारा. चांगला कारभार म्हणजे दुसरें काय असतें?

तो शेवटच्या बांकावरचा मुलगा आतां चांगला प्रौढ गृहस्थ झाला असेल. कदाचित् हें मासिक त्याच्या घरींही येत असेल. त्याला आमचें सांगणें इतकेंच, कीं बाळ, तीं माणसें त्या रात्रीं मागून आणलेला भात जेवलीं, आणि तेथेंच राहिलीं. उत्तरास फार उशीर झाला, याची गुरुजींस क्षमा असावी.